बाहेर उभा असलेला माणूस नक्की करतो काय? स्कालोनीची गोष्ट, सोप्या भाषेत

१८ डिसेंबर २०२२, रविवारची रात्र. नाशिकला थंडी चांगलीच पडलेली आणि आमच्या घरी हॉलमध्ये चटया टाकून दहा-बारा जण टीव्हीसमोर बसलेले, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, वर्ल्ड कपची फायनल. माझे मामा पिंपळगावहून आले होते, त्यांची द्राक्षाची बाग आहे, फुटबॉलशी तसा संबंध शून्य, पण भाच्यांचा उत्साह बघून तेही बसले. आणि मॅच सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील तर त्यांनी विचारलं, "हा बाहेर उभा राहून हातवारे करतोय तो कोण रे? खेळत तर नाहीये. मग ह्याचं काम काय?"

त्या वेळी मी "कोच आहे मामा" एवढंच म्हणालो आणि परत मॅचमध्ये घुसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण खरं सांगायचं तर खूप जणांना हे नीट माहीत नसतं. देशाच्या टीमचा कोच करतो काय, क्लबच्या कोचपेक्षा त्याचं काम वेगळं कसं, आणि जो माणूस खेळाडू म्हणून फार मोठा नव्हता तो जगातल्या सगळ्यात यशस्वी कोचांपैकी एक कसा होतो. तो बाहेर उभा असलेला माणूस म्हणजे अर्जेंटिनाचा कोच लिओनेल स्कालोनी. त्याच्या करिअरवरून हे सगळं छान समजतं, म्हणून हे लिहायला घेतलंय, मामांसाठी आणि मामांसारख्या सगळ्यांसाठी.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण क्रिकेटवाले, आपल्याकडे मॅनेजर म्हणजे टीमच्या दौऱ्याची व्यवस्था बघणारा माणूस, आणि मैदानावर सगळं ठरवतो कॅप्टन. फील्ड कुठे लावायची, बॉलिंग कोणाला द्यायची, सगळं तोच. फुटबॉलमध्ये तसं नाहीये. तिथे कॅप्टनचं काम टॉस, रेफरीशी बोलणं आणि पोरांना धीर देणं इतकंच, बाकी अकरा जण कोण, कुठे उभे राहणार, कधी कोणाला बाहेर काढायचं हे सगळं कोचचं, आणि त्यालाच काही देशांत मॅनेजर म्हणतात. आणि मॅच एकदा सुरू झाली की पंचेचाळीस मिनिटं सलग चालते, ओव्हर संपली, ड्रिंक्स झालं, चला जरा बोलून घेऊ असला प्रकार नाही. एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत आत येत नाही. म्हणजे कोचला जे काही करायचं ते बहुतेक आधीच करून ठेवावं लागतं, मॅच चालू असताना त्याच्या हातात चार-पाच बदल आणि घसा एवढंच उरतं.

आता क्लब आणि देश ह्यातला फरक. हा मी ढोल पथकावरून सांगतो कारण मी स्वतः पाच-सहा वर्षं पथकात ताशा वाजवलाय. समजा एखादा बँड आहे, लग्नाच्या सीझनमध्ये रोज सुपारी, रोज वाजवणं, त्यांना एकमेकांची सवयच होते, कोण कधी उचलणार हे बघावं पण लागत नाही. हा झाला क्लब. क्लबचे खेळाडू जवळजवळ वर्षभर रोज एकत्र प्रॅक्टिस करतात, आणि कोचला एखादी जागा कच्ची वाटली तर मालकाला सांगून दुसरा खेळाडू विकत आणता येतो. पथक मात्र वेगळं असतं. कोणी सातपूरला कंपनीत शिफ्टला जातो, कोणी केटीएचएम कॉलेजला शिकतंय, कोणाचं मेनरोडला दुकान, गणपतीच्या दीड-दोन महिने आधी संध्याकाळी सगळे जमतात आणि तेवढ्या दिवसांत असा ठेका बसवायचा असतो की मिरवणुकीत शंभर ढोल एका हातानं वाजल्यासारखे वाटले पाहिजेत. देशाची टीम म्हणजे हे पथक. फक्त पथकाला दीड महिना तरी मिळतो, देशाच्या कोचला तेवढाही मिळत नाही.

कॅलेंडर बघा म्हणजे कळेल. फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, वर्षातून काही ठरावीक काळ राखून ठेवते, त्यात बहुतेक वेळा साधारण दहा दिवस क्लबनी खेळाडू सोडायचे आणि तेवढ्यात दोन मॅच. अर्जेंटिनाचे जवळजवळ सगळे चांगले खेळाडू युरोपात खेळतात. म्हणजे रविवारी इंग्लंड-स्पेनमध्ये क्लबची मॅच, सोमवारी तेरा-चौदा तासांचं विमान पकडून ब्यूनोस आयर्स, मंगळवार-बुधवार झोप पुरी होत नाही तोवर प्रॅक्टिस आणि गुरुवारी मॅच. शिकवणार काय दोन दिवसांत? नवीन काही शिकवता येतच नाही. आणि खेळाडू विकत आणायची तर सोयच नाही, ज्याच्याकडे तुमच्या देशाचं नागरिकत्व आहे तोच, डाव्या बाजूचा चांगला डिफेंडर तुमच्या देशात ह्या पिढीत जन्मलाच नसेल तर नाही म्हणजे नाही, आहे त्यात भागवा.

आपल्याकडे हे सगळ्यात चांगलं कोणाला कळलं असेल तर रहीम साहेबांना. सय्यद अब्दुल रहीम, भारताच्या फुटबॉल टीमचे कोच, हैदराबादचे, पेशानं शिक्षक. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये जर्नेल सिंग नावाचा त्यांचा डिफेंडर डोक्याला मार लागून टाके घातलेल्या अवस्थेत होता, तर साहेबांनी त्याला पुढे फॉरवर्ड म्हणून खेळवलं आणि फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल केला, आपण २-१ जिंकलो, गोल्ड. पुढच्याच वर्षी रहीम साहेब कॅन्सरनं गेले. आपल्या पोरांना हे नाव शाळेत शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. असो, अर्जेंटिनाकडे येतो.

स्कालोनीचा जन्म १९७८ चा, गाव पुजातो, सांता फे प्रांतातलं शेतीवाडीचं छोटं गाव. खेळायचा उजव्या बाजूला, कधी डिफेंडर कधी मिडफिल्डर. न्यूवेल्स ओल्ड बॉइज आणि एस्तुदियान्तेस हे तिथले क्लब करून १९९८ च्या सुमारास स्पेनला गेला, देपोर्तिवो ला कोरुन्याकडे, आणि तिथे आठेक वर्षं काढली. हा क्लब काही रियल माद्रिद-बार्सिलोना नाही, समुद्रकिनाऱ्यावरच्या मध्यम शहराचा क्लब, पण २००० साली त्यांनी स्पेनची लीग जिंकली, क्लबच्या इतिहासात एकदाच, आणि स्कालोनी त्या टीममध्ये होता. स्टार मात्र नव्हता. पळणारा, ओरडणारा, कुठेही लावला तरी खेळणारा, बेंचवर बसवलं तर बसणारा. पुढे इटलीत लाझिओ, अटलांटा वगैरे करून २०१५ मध्ये संपलं. अर्जेंटिनासाठी एकूण मॅच किती खेळला? सात. फक्त सात.

त्या करिअरमधल्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिली १९९७ ची. मलेशियात वीस वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप झाला, अर्जेंटिनाचे कोच होते होसे पेकरमन, आणि ती टीम जिंकली. त्या टीममध्ये स्कालोनीसोबत पाब्लो आयमार होता आणि वॉल्टर सॅम्युएल होता. पंचवीस वर्षांनी कतारमध्ये हेच दोघं स्कालोनीच्या शेजारी बेंचवर असिस्टंट म्हणून बसलेले होते, सोबत रॉबर्तो आयाला. आयमार म्हणजे मेस्सीचा लहानपणीचा हिरो बरं का. मेक्सिकोविरुद्ध मेस्सीनं गोल मारल्यावर बेंचवर बसलेला आयमार रडताना टीव्हीवर दिसला होता, ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत.

दुसरी गोष्ट १३ मे २००६ ची. स्कालोनी तेव्हा काही महिन्यांसाठी इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमकडे होता, एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या कपची फायनल, कार्डिफला, समोर लिव्हरपूल, वेस्ट हॅम ३-२ नं पुढे आणि नव्वद मिनिटं भरत आलेली. बॉल स्कालोनीकडे आला. शांतपणे ठेवता आला असता, बाहेर मारता आला असता, त्यानं घाईत पुढे भिरकावला, तो थेट लिव्हरपूलकडे गेला आणि काही सेकंदांत स्टीव्हन जेरार्डनं लांबून असा काही मारला की ३-३. पुढे पेनल्टीवर वेस्ट हॅम हरले. त्या दिवशीच्या एका लाथेसाठी त्याला वर्षानुवर्षं बोलणी खावी लागली. एका चुकीचं ओझं घेऊन जगणं म्हणजे काय हे ह्या माणसाला आतून माहीत आहे, माझ्या मते त्याच्या कोचिंगमधली निम्मी गोष्ट इथे आहे.

आता २०१८. रशियातला वर्ल्ड कप. कोच होते होर्हे सांपाओली, स्कालोनी त्यांच्या हाताखालचा एक असिस्टंट. आइसलंडशी १-१, क्रोएशियाकडून ०-३, नायजेरियाला कसंबसं २-१ आणि मग फ्रान्सकडून ३-४ हरून घरी. कोच आणि खेळाडूंचं पटत नाही अशा बातम्या रोज येत होत्या, प्रत्येक मॅचला टीम वेगळी, खेळायची पद्धत वेगळी. सांपाओली गेले, सोबतचे लोकही गेले, स्कालोनी मात्र थांबला. आयमारला सोबत घेऊन वीस वर्षांखालच्या टीमला स्पेनमधल्या एका छोट्या स्पर्धेत नेलं, ती जिंकली, आणि त्याच सुमारास फेडरेशननं त्याला सांगितलं की सध्या तात्पुरतं तूच बघ. तोपर्यंत त्यानं कुठल्याही क्लबचा मुख्य कोच म्हणून एकही मॅच केलेली नव्हती. एकही. आपल्याकडे एखाद्याला रणजीची टीमसुद्धा न देता थेट भारताचा कोच केला तर चौकाचौकात काय बोलतील तसंच तिथे झालं. मॅराडोना उघड म्हणाले, पोरगा चांगला आहे पण ह्याला ट्रॅफिकसुद्धा चालवता येणार नाही.

इथे मामांना समजेल असं एक सांगतो. द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीत वेल पार बोडका करतात, ज्यानं बाग कधी बघितली नाही त्याला वाटेल ह्यांनी बागेची वाट लावली, आणि त्या छाटणीनंतर फळ घ्यायचं नसतंच, नुसती काडी तयार करायची असते, घड पुढे त्या काडीवर येणार असतो. स्कालोनीनं २०१८-१९ मध्ये जे केलं ते खरड छाटणीच होती. माशेरानो, बिग्लिया हे जुने वर्ल्ड कपनंतर स्वतःच थांबले, इग्वाइनही पुढे थांबला, मेस्सीनं काही महिने सुट्टी घेतली, आणि ह्यानं कोणी नाव न ऐकलेली पोरं आणून खेळवायला सुरुवात केली. लिआंद्रो पारेदेसला मध्ये ठेवला, रॉड्रिगो डी पॉल आणला, लाउतारो मार्टिनेझला पुढे लावला. लोक हसत होते. २०१९ च्या कोपा अमेरिकामध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या कपमध्ये, पहिलीच मॅच कोलंबियाकडून ०-२ हरले, पॅराग्वेशी बरोबरी, कसेबसे सेमीफायनलला गेले आणि ब्राझीलकडून ०-२. पेपरवाल्यांच्या दृष्टीनं फेल. पण त्या सेमीफायनलमध्ये टीम खेळली चांगली होती आणि खेळाडू कोचच्या बाजूनं बोलत होते, मेस्सीसकट. फेडरेशननं त्याला ठेवलं. ह्या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात शहाणा निर्णय हाच वाटतो आणि तो स्कालोनीचा नाहीये, त्याला न काढणाऱ्यांचा आहे.

त्या सेमीफायनलनंतर अर्जेंटिना ३६ मॅच हरले नाहीत. २०१९ च्या जुलैपासून २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत. मध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये बोलिव्हियाला त्यांच्या घरी ला पाझमध्ये २-१ हरवलं. ला पाझ म्हणजे साधारण ३,६०० मीटर उंचीवर, श्वास घ्यायची मारामार. तिथेच २००९ मध्ये मॅराडोना कोच असताना अर्जेंटिना १-६ हरली होती. मॅराडोनांना कमी लेखायचं नाहीये मला, खेळाडू म्हणून तसा माणूस परत होणार नाही, पण जे स्वतःला आपोआप यायचं ते दुसऱ्याला शिकवायचं कसं ही मोठ्या खेळाडूंची अडचण असते. ज्याला प्रत्येक गोष्ट बघून, विचारून, घोटून शिकावी लागली त्याला ती सांगताही येते. अर्थात हा काही नियम नाही. ब्राझीलचे झागालो, जर्मनीचे बेकेनबाउर आणि फ्रान्सचे दिदिए देशां ह्या तिघांनी खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही वर्ल्ड कप जिंकलाय, आणि बेकेनबाउर तर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक.

मग देशाच्या कोचकडे शिकवायला वेळच नाही तर तो करतो काय? माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी. निवड करतो, म्हणजे नुसते चांगले नाही तर एकमेकांत बसणारे खेळाडू शोधतो. घर बनवतो, म्हणजे पोरांना क्लब सोडून चौदा तास विमानात बसून यावंसं वाटेल असं वातावरण ठेवतो. आणि आपला निर्णय चुकला हे पटकन मान्य करून बदलतो. ही तिसरी सगळ्यात अवघड.

निवडीचं उदाहरण घ्या. गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ, पोरगेला असताना इंग्लंडला आर्सेनलकडे गेला आणि नंतरची अनेक वर्षं ह्या क्लबकडे उधार त्या क्लबकडे उधार अशीच गेली. २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाकडे गेल्यावर कुठे नियमित खेळायला लागला. ३ जून २०२१ ला चिलीविरुद्ध त्याची देशासाठी पहिली मॅच, वय २८. त्याच मॅचमध्ये डिफेंडर क्रिस्टियन रोमेरोचीही पहिली मॅच. दहा-अकरा दिवसांवर कोपा अमेरिका आलेली असताना गोली आणि मधला डिफेंडर दोन्ही नवीन घालायचे म्हणजे छातीच पाहिजे. महिनाभरात सेमीफायनलला कोलंबियाविरुद्ध पेनल्टीवर मॅच गेली आणि मार्टिनेझनं तीन अडवल्या. मग १० जुलैला रिओच्या माराकानावर, ब्राझीलच्या घरात, डी पॉलचा लांब पास, डी मारियानं बॉल अलगद गोलीच्या डोक्यावरून टाकला, १-०. अर्जेंटिनाला मोठ्या स्पर्धेचं विजेतेपद १९९३ नंतर पहिल्यांदा, २८ वर्षांनी. आपल्याकडे ११ जुलैची पहाट होती ती, मी एकटाच जागा होतो आणि शिट्टी वाजली तेव्हा मेस्सी गुडघ्यांवर बसला ते बघून माझेही डोळे भरले.

मग अर्जेंटिनात लोकांनी टीमला नाव दिलं, स्कालोनेता. म्हणजे स्कालोनीची बस, या बसा, सगळ्यांना जागा आहे असं. ज्या देशात टीम मेस्सीची म्हणतात तिथे लोकांनी बस कोचच्या नावानं केली. पुढच्या वर्षी जूनमध्ये वेम्बलीवर युरोपचा विजेता इटली, त्यालाही ३-० हरवलं.

आणि मग कतार, २२ नोव्हेंबर, सौदी अरेबिया. आपल्याकडे दुपारी साडेतीनला होती ती मॅच. मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टी मारली, पहिल्या हाफमध्ये आणखी तीन गोल झाले पण तिन्ही ऑफसाइड म्हणून रद्द, आणि ब्रेकनंतर पाच मिनिटांच्या अंतरानं सौदीचे दोन. १-२. ३६ मॅचची मालिका वर्ल्ड कपमधल्या त्यांच्या पहिल्याच मॅचला तुटली.

आता नीट बघा पुढे काय झालं, कारण कोचचं काम इथेच कळतं. सर्वसाधारण माणूस दोनपैकी एक करतो, एक तर "आमची पद्धत बरोबर आहे, नशीब वाईट" म्हणून तीच टीम उतरवतो, नाहीतर घाबरून सगळंच उलटंपालटं करतो. स्कालोनीनं मेक्सिकोविरुद्ध पाच बदल केले, पण पाया तोच ठेवला. आणि मॅच अडकली तेव्हा दुसऱ्या हाफमध्ये एन्झो फर्नांडेझ आणि ज्युलियन अल्वारेझला आत आणलं. मेस्सीनं लांबून मारला, शेवटी एन्झोनं मारला, २-० झालं. पोलंडविरुद्ध तर हे दोघं सुरुवातीपासूनच, मिडफिल्डमध्ये डी पॉल, एन्झो आणि मॅक ॲलिस्टर. एन्झो तेव्हा २१ वर्षांचा, देशासाठी पहिली मॅच फक्त दोन महिन्यांपूर्वी खेळलेला, आणि स्पर्धा संपली तेव्हा सर्वोत्तम तरुण खेळाडूचं बक्षीस त्याला मिळालं.

हे तिघं-चौघंच का? इथे थोडं टेक्निकल सांगतो, सोपं आहे. मेस्सी ३५ वर्षांचा. बॉल आपल्याकडे नसताना तो फारसा पळत नाही, चालतो, बघतो, जागा हेरतो. म्हणजे बचाव करताना तुमच्याकडे दहाच्या जागी नऊच पळणारे. मग ते एक माणसाचं काम बाकीच्यांत वाटून द्यावं लागतं. पुढे असा फॉरवर्ड लागतो जो समोरच्यांच्या डिफेंडरच्या अंगावर धावून जाईल, त्यांना सुखानं पास देऊ देणार नाही, ह्याला प्रेसिंग म्हणतात, ते अल्वारेझ जीव तोडून करायचा. मिडफिल्डमध्ये असे तिघं लागतात जे पळतीलही आणि बॉल मिळाल्यावर नीट मेस्सीपर्यंत पोचवतीलही. आधीच्या रचनेत लाउतारो आणि पारेदेस होते, दोघंही स्कालोनीचे पहिल्यापासूनचे भरवशाचे, काडी त्यांच्यापासूनच तयार केलेली. त्यांना बाहेर बसवलं. स्पर्धेच्या मध्यात. तीन वर्षं ज्यांच्या जिवावर एक मॅच हरला नाही त्यांना जाऊन सांगायचं की बाळा आता तू बस. मामा, हे हातवाऱ्यांपेक्षा कितीतरी अवघड काम.

पुढे प्रत्येक मॅचला समोरचा बघून आखणी बदलत गेली. नेदरलँड्सविरुद्ध मागे तीन सेंट्रल डिफेंडर, क्रोएशियाविरुद्ध मध्ये एक मिडफिल्डर जास्त, कारण क्रोएशियाची सगळी ताकद तिथेच, मॉड्रिच आणि मंडळी. नेदरलँड्सची मॅच २-० वरून २-२ झाली, पेनल्टीवर गेली, आणि शेवटची निर्णायक पेनल्टी कोणी मारली माहितीये? लाउतारोनं. बाहेर बसवलेल्यानं. हे नाव लक्षात ठेवा.

फायनलला स्कालोनीनं डी मारियाला काढला. बाहेर नाही, पिशवीतून. दुखण्यामुळे डी मारिया आधीच्या तीन मॅचमध्ये जवळजवळ खेळलाच नव्हता आणि खेळायचा तो बहुतेक उजव्या बाजूला. फायनलला थेट पहिल्या अकरात, आणि डावीकडे. कारण फ्रान्सच्या त्या बाजूला कुंदे होता, मुळात मधला डिफेंडर, बाजूला लावलेला, आणि त्याच्या पुढे डेंबेले, ज्याचा जीव आक्रमणात, मागे येऊन अडवणं त्याचा पिंड नाही. वीस-बावीस मिनिटांत डी मारियानं डेंबेलेला चकवलं, त्यानं पाडलं, पेनल्टी, मेस्सी, १-०. छत्तिसाव्या मिनिटाला एका दमात चार-पाच पास आणि डी मारियाच, २-०. एक्केचाळिसाव्या मिनिटाला फ्रान्सचे कोच दिदिए देशां ह्यांनी डेंबेले आणि जिरू दोघांना बाहेर घेतलं, ब्रेकपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. ते देशां, ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे वर्ल्ड कप आहेत. मी मामांना म्हटलं, "बघा, बाहेर उभ्या असलेल्यानं हे केलं."

पण सगळं बरोबरच केलं असं मी म्हणणार नाही. चौसष्टाव्या मिनिटाला डी मारियाला काढून अकुन्याला आणलं, म्हणजे बचाव घट्ट करायचा विचार, आणि तिथून फ्रान्सला त्या बाजूला मोकळा श्वास मिळाला. ऐंशी आणि एक्क्याऐंशी, एम्बापेचे दोन गोल. आमच्या हॉलमध्ये एकदम शांतता. दमलेला असेल डी मारिया, पण मला तो बदल आजही लवकर झाला असंच वाटतं.

एक्स्ट्रा टाइममध्ये मेस्सीनं ३-२ केलं आणि मग संपायला काही मिनिटं असताना गोन्झालो मोन्तिएलच्या हाताला बॉल लागला. तो बदली म्हणून आत आलेला उजव्या बाजूचा डिफेंडर. पेनल्टी, एम्बापे, ३-३. अगदी शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा शॉट मार्टिनेझनं पायानं अडवला नसता तर इथेच संपलं होतं. पेनल्टी शूटआउट. अर्जेंटिनाकडून मेस्सी, मग डीबाला, ज्याला पेनल्टीसाठीच अगदी शेवटी आत आणलेलं, मग पारेदेस, आणि चौथा मोन्तिएल. ज्याच्या हातामुळे दहाएक मिनिटांपूर्वी कप निसटत होता तोच. उजव्या बाजूचा डिफेंडर, शेवटच्या मिनिटांत झालेली चूक, टीम ३-२ नं पुढे असताना झालेली बरोबरी, सामना पेनल्टीवर. २००६ आठवा. कार्डिफमधल्या त्या माणसाच्या टीममध्ये ह्या पोराला लपवलं गेलं नाही. मोन्तिएलनं मारली, आत गेली, आणि मार्टिनेझ जमिनीवर, मेस्सी गुडघ्यांवर, आमचे मामा चटईवर उभे राहून टाळ्या वाजवतायत. रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते आणि खाली रस्त्यावर कोणीतरी फटाके लावले. स्कालोनी तेव्हा ४४ वर्षांचा, त्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात तरुण कोच.

नंतरचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये माराकानावर ब्राझीलला १-० हरवल्यावर, म्हणजे जिंकल्यावर, पत्रकारांसमोर तो म्हणाला की मला पुढचा विचार करायला वेळ हवाय. सगळा देश हादरला. शिखरावर बसलेल्या माणसाला दम लागतो हे लोकांना पटत नाही. पण त्यानं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, काही आठवडे घेतले आणि कोच म्हणून कायम राहिला.

मग १४ जुलै २०२४, मायामी, परत कोपा अमेरिकाची फायनल, समोर कोलंबिया. आपल्याकडे १५ ची सकाळ, गर्दीच्या गोंधळामुळे मॅच तासाभराहून जास्त उशिरा सुरू झालेली. मेस्सीचा पाय दुखावला, सहासष्टाव्या मिनिटाला बाहेर, बेंचवर बसून तोंड झाकून रडतोय, घोट्याला ही एवढी सूज. ०-०, एक्स्ट्रा टाइम. सत्त्याण्णवाव्या मिनिटाला स्कालोनीनं एकदम तीन बदल केले. एन्झो, मॅक ॲलिस्टर आणि अल्वारेझ बाहेर. म्हणजे कतारमध्ये ज्यांना आत आणून कप जिंकला तेच तिघं. आणि आत कोण? पारेदेस, ज्याची जागा एन्झोनं घेतली होती. लो सेल्सो, जो दुखापतीमुळे कतारला जाऊच शकला नव्हता. आणि लाउतारो. एकशे बाराव्या मिनिटाला पारेदेसनं मध्यात बॉल हिसकावला, लो सेल्सोनं पहिल्याच टचला पुढे सोडला, आणि लाउतारोनं असा जोरात मारला की गोली बघत राहिला. १-०. त्या स्पर्धेतला त्याचा पाचवा गोल, सगळ्यांत जास्त त्याचेच. गोल मारून तो सरळ बेंचकडे पळाला, मेस्सीकडे.

मला वाटलं होतं घरात मी एकटाच बघतोय. तेवढ्यात मामांचा फोन आला पिंपळगावहून, मागे टीव्हीचा आवाज चालू, म्हणाले, "अरे, हा तोच ना, ज्याला त्या वेळी बाहेर बसवला होता?"